गोल भोकांचा कैवारी

कमलाकांतराव पाचपोरांनी आयुष्यात एकच पैज लावली आणि ती हरले. हरले तेही असे, की अकोल्यात लावलेल्या पैजेची बोंब अमरावतीच्या अंबागेटापर्यंत गेली. पुढे ही हकीकत ते स्वतःच सांगत, आणि सांगताना स्वतःला काडीची सूट देत नसत. "माझ्यासारखा दूरदृष्टीचा माणूस वऱ्हाडात झाला नाही," अशी त्यांची सुरुवात असे. "कंपनी बुडायच्या बारा वर्षं आधी मला स्वच्छ दिसलं होतं, की ती बुडणार नाही."

कंपनी त्यांच्या मालकीची होती असं कुणी समजू नये. ब्रॅडवेल ही विलायतेची कंपनी होती, आणि कमलाकांतराव तिचे अकोल्यातले एकुलते एक यंत्रज्ञ होते. एकोणीसशे चोपन्न साली तिथल्या पीक-अंदाज कचेरीत ब्रॅडवेलचं एक यंत्र आलं. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा गावात कुणी ऐकला नव्हता, पण त्याचा आजोबा म्हणता येईल असंच ते प्रकरण होतं. लोखंडी कपाटाएवढं धूड, आणि चालू झालं की सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गाड्यासारखा आवाज करी. प्रत्येक गावाच्या पिकाचं एकेक कार्ड असे. त्यात आकड्यांऐवजी बारीक गोल भोकं पाडायची आणि गठ्ठा यंत्राच्या तोंडी द्यायचा, की अंजनगाव सुर्जीचा कापूस किती आणि शेंदूरजनाघाटची संत्री किती, हे ते पाच मिनिटांत छापून देई. याच कामाला पूर्वी सहा कारकून दीड महिना घेत आणि तरी चुकत.

कमलाकांतरावांचे वडील हरिहरशास्त्री अमरावतीत पंचांगाचं गणित करत. मुलगा ते पुढे चालवील ही त्यांची आशा होती. मुलगा मुंबईला सहा महिने शिकून टाय लावून परत आला आणि म्हणाला, बाबा, ग्रहांचं गणितसुद्धा आता यंत्रच करील. शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारलं, की यंत्राला ग्रहण लागलं तर मोक्षाची वेळ कोण काढणार? उत्तरादाखल कमलाकांतरावांनी टाय सारखा केला.

यंत्रावर हाताखाली म्हणून कचेरीने देवमन सिरसाट याला दिलं. अंजनगावच्या पुंजाजी सिरसाटांचा हा मुलगा मॅट्रिक पास झालेला, कमलाकांतरावांपेक्षा चारच वर्षांनी लहान, कामाला चोख आणि बोलायला जड. कमलाकांतरावांनी त्याला भोकं पाडायला शिकवलं, तेलपाणी शिकवलं, अडकलेलं कार्ड न फाटता काढायला शिकवलं. एकच गोष्ट शिकवली नाही. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, पण झाडावर चढणं तेवढं स्वतःपाशी ठेवलं, तशी ही गोष्ट होती. कार्डावर आकडे छापलेले नसत. कुठल्या रांगेत गाव, कुठल्या रांगेत साल, कुठे पीक, ही मांडणी कमलाकांतरावांनी स्वतः बसवली होती आणि ती कागदावर कधी उतरवलीच नव्हती. शिवाय विषम आकड्याला एक भोक आणि सम आकड्याला दोन, अशी कंपनीची खोड होती. त्यामुळे कार्ड नुसतं उजेडात धरून वाचणं हे कमलाकांतरावांनाच येई. पाहुणे आले की ते खिडकीशी जाऊन एक कार्ड धरत आणि घडाघडा वाचून दाखवत. पाहुणे थक्क होत. त्यासाठीच तो खेळ होता.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात त्यांनी पहिला पराक्रम केला. अकोल्याचा वैशाख म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इतकं महागाचं विलायती यंत्र या उकाड्यात कसं राहणार, म्हणून कमलाकांतरावांनी घरगुती उपाय योजला. वऱ्हाडात मानाचा पाहुणा उन्हाळ्यात आला तर खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्या भिजवतात. तोच मान त्यांनी यंत्राला दिला. बाहेरच्या अंगाने बादलीभर पाणी मारत राहण्याचं काम देवमनकडे दिलं. मॅट्रिक झालेल्या माणसाला हे काम का द्यावं, याचा त्या वेळी त्यांनी विचार केला नाही. पुढे केला, तेव्हा मान खाली गेली. खोली गार झाली, वाळ्याचा वास सुटला, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस दमट हवेने फुगलेली चारशे कार्डं यंत्राने चावून चावून पापडाच्या लाटीसारखी बाहेर टाकली. मुंबईहून आलेल्या कंपनीच्या साहेबाने खोलीत पाऊल टाकलं, नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, की इथे अत्तराचा कारखाना आहे का? कमलाकांतराव ही गोष्ट सांगताना साहेबाची नक्कल फार छान करत.

ताट्या उतरल्या, यंत्र सुधारलं, आणि कमलाकांतरावांची भक्ती वाढली. छप्पनच्या खंडेनवमीला त्यांनी यंत्राला झेंडूची माळ घातली. देवमन त्या वेळी दीक्षेसाठी नागपूरला गेला होता. परत आल्यावर कमलाकांतरावांनी त्याच्यापुढे यंत्राचा प्रसाद केला, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, की भाऊ, यंत्राले मी तेल देत जाईन, पण हे आता नको. कमलाकांतरावांना थोडं लागलं. तेल जास्त उपयोगाचं आहे हे त्यांना कळत होतं, म्हणूनच लागलं.

त्याच वेळी कचेरीचं राज्य बदललं. मध्यप्रदेश गेला आणि मुंबई राज्य आलं, पुढे चार वर्षांनी महाराष्ट्र आला. दारावरची पाटी दोनदा नव्याने रंगली. कमलाकांतराव सगळ्यांना सांगत, की सरकारं येतात आणि जातात, ब्रॅडवेल राहते. याच विश्वासावर सत्तावन्न साली त्यांनी साहेबांना सल्ला दिला, की गावोगावचे मूळ तक्ते आता कशाला सांभाळायचे, सगळं कार्डात उतरलं आहे. मूळ तक्ते रद्दीत गेले, आणि पुढेही दर वर्षी उतरवून झाले की जात राहिले. हा त्यांचा दुसरा पराक्रम. याचं फळ पिकायला नऊ वर्षं लागली.

अठ्ठावन्न साली एका अमेरिकन कंपनीचा माणूस अकोल्यात आला. त्यांची कार्डं लांब होती आणि भोकं चौकोनी. एका कार्डावर दुप्पट मजकूर मावे. त्याने आधी कमलाकांतरावांनाच नोकरी देऊ केली. कमलाकांतरावांनी ते चौकोनी भोक असं पाहिलं, जसं एखादा वैष्णव आडव्या गंधाकडे पाहतो. मग देवमनने अर्ज केला आणि त्याला बोलावणं आलं. निरोपाच्या चहाला सगळी कचेरी जमली असताना कमलाकांतरावांना स्फुरण चढलं. ते म्हणाले, ही कंपनी पाच वर्षं टिकली तर खूप झालं, बुडाली की परत ये, तुझी खुर्ची ठेवतो. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांनी मिशीवर हात ठेवला आणि भर सभेत सांगितलं, की ज्या दिवशी चौकोनी भोक गोल भोकाला हरवील, त्या दिवशी ही मिशी उतरवीन.

बाप हयात असताना मिशीला वस्तरा लावत नाहीत. मिशी उतरते ती बाप गेल्यावर. देवमन कपबशी खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, पैजेले मिशी नका लावू. शास्त्रीबुवा हायेत तुमचे."

"असू दे," कमलाकांतराव म्हणाले. "हरायचंच नाही तर भ्यायचं काहून?"

पुढच्याच वर्षी विलायतेहून पत्र आलं, की ब्रॅडवेल आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीशी एक झाली आहे. कमलाकांतरावांनी घरी पेढे आणले आणि पत्नीला समजावलं, की दोन नद्या मिळाल्या की पाणी वाढतं. सिंधूबाईंचं माहेर पूर्णेच्या काठचं. त्या म्हणाल्या, पाणी वाढतं हे खरं, पण पूर्णा तापीला मिळाली की पुढे तिला पूर्णा कोण म्हणतं? दोन वर्षांनी आणखी एक कंपनी त्यात मिसळली. पत्राच्या डोक्यावरचं नाव लांबत गेलं आणि सुटे भाग येणं आखडत गेलं. कमलाकांतराव अकोल्याच्या लोहाराकडून दाते घासून घेत, शिवणयंत्राचा पट्टा बसवत, आणि पाहुण्यांना सांगत की हा नवा सुधारलेला नमुना आहे. पासष्टच्या मे महिन्यात मुख्य चक्राचे तीन तुकडे झाले. विलायतेने कळवलं, की हे यंत्र आता आम्हीच ओळखत नाही.

वर्षभर यंत्र मुकं पडून राहिलं. सहासष्टच्या एप्रिलमध्ये कचेरीच्या साहेबांनी कमलाकांतरावांना बोलावून घेतलं. अमेरिकन कंपनीचं यंत्र येणार होतं आणि ते बसवायला सोमवारी देवमन सिरसाट येणार होता, आता साहेब होऊन. बारा वर्षांची ऐंशी हजार कार्डं नव्या यंत्राला वाचता येत नव्हती आणि मूळ तक्ते कमलाकांतरावांच्याच सल्ल्याने रद्दीत गेले होते. वाचणारं कुणी निघालं नाही, तर एक तारखेला ती कार्डं लगदा करायला जाणार होती. त्याच एक तारखेला अकोल्यातली त्यांची जागाही बंद होणार, असं त्यांच्या कंपनीचं मुंबईहून पत्र होतं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला ती वाचता येतात ना, पाचपोर?"

कमलाकांतराव म्हणाले, "विचार करून सांगतो."

विचार कसला? बारा वर्षं जपलेली मांडणी कागदावर उतरवून, ज्याला खुर्ची ठेवतो म्हटलं त्याच्या हाती द्यायची, आणि गोल भोकांनी चौकोनाच्या घरी पाणी भरायचं. कार्डं वाचवावी तर नाक जातं आणि नाक वाचवावं तर कार्डं जातात. घरात दोन मुली शाळेत जाणाऱ्या, एक तारखेला आठ दिवस उरलेले. अशा वेळी शहाणा माणूस आधी पोटाचं पाहतो. कमलाकांतरावांनी आधी पैजेचं पाहिलं. शनिवारी सकाळी ते न्हाव्याकडे गेले आणि मिशी उतरवून आले. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत आणि नुसते हात जोडले. त्याचा अर्थ तेव्हा त्यांच्या लक्षात आला नाही. दारात पाहताच सिंधूबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "मामंजी?"

तेव्हा कमलाकांतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. अमरावतीला ही बातमी भलत्याच वाटेने जाण्याआधी आपणच जाऊन बाबांना तोंड दाखवावं, म्हणून त्यांनी दुपारची गाडी धरली. पण बडनेऱ्याला गाडी बदलताना अमरावतीच्या घराशेजारच्या मनकर्णाबाईंनी त्यांना पाहिलं. काळी टोपी कानापर्यंत ओढलेली, वरच्या ओठावर काही नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. अमरावतीला उतरून कमलाकांतराव बापासाठी मोसंबी घेत बसले आणि बाई टांग्याने पुढे गेल्या.

ते गल्लीत शिरले तेव्हा दारापुढे तीसेक माणसं खांद्यावर पंचे टाकून उभी होती. शास्त्रीबुवांच्या दाराला कुलूप होतं. लोक धरून चालले होते, की बुवा मुलाकडे अकोल्याला गेले असणार आणि तिकडेच आटोपलं असणार. कुणीतरी कमलाकांतरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, माणूस सोन्यासारखा होता. कमलाकांतराव तोंड उघडत होते, पण कुणी बोलू देईना. दुःखाने वाचा बसली आहे असं सगळ्यांचं मत पडलं. इतक्यात अंबादेवीच्या देवळातलं कीर्तन ऐकून हरिहरशास्त्री काठी टेकत आले. दारात गर्दी पाहून मागेच थांबले आणि पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "काहून रे, कोण गेलं?"

त्या माणसाने वळून पाहिलं आणि तो मोरीत पडला.

गर्दी पांगायला अर्धा तास लागला. मनकर्णाबाई तर दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. आत गेल्यावर शास्त्रीबुवांनी कंदील वर करून मुलाचं तोंड नीट पाहिलं. कमलाकांतरावांनी सगळं सांगितलं, पैजेपासून ऐंशी हजार कार्डांपर्यंत. म्हातारा रागावेल अशी त्यांची खात्री होती. शास्त्रीबुवा मोसंबं सोलत बसले.

"जिचं मीठ खाल्लं तिच्यासाठी मिशी काढली, ते एक असो," ते शेवटी म्हणाले. "पण माणूस गेला म्हणून त्याची पोथी कुणी चितेवर ठेवत नाही, कमलाकांत. ती वाचणाऱ्याच्या हाती देतात. तू बारा वर्षं पोथी लपवली आणि मिशी तेवढी दिली."

कमलाकांतरावांना त्या रात्री स्वतःची खरोखर लाज वाटली. पुढे ही गोष्ट सांगताना याच ठिकाणी ते थट्टा थांबवत.

सोमवारी ते मांडणीचा कागद घेऊन कचेरीत गेले. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती कागदावर उतरली होती. देवमन पांढऱ्या शर्टात, केस थोडे विरळ झालेला, नव्या यंत्राची जागा मोजत होता. त्याने मिशी नसलेल्या ओठाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. कमलाकांतरावांनी कागद पुढे केला. तो घेऊन त्याने न उघडता खिशात ठेवला, आणि बॅगेतून दुसरा कागद काढून त्यांच्या हाती दिला. अमेरिकन कंपनीने जुनी कार्डं वाचण्यासाठी कमलाकांत हरिहर पाचपोर यांना नेमलं होतं, आणि काम संपल्यावर अकोला केंद्रात तपासनीसाची कायम जागा. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती. आपण होकार देण्याआधीच नेमणूक कशी झाली, हे विचारण्याचं भान कमलाकांतरावांना राहिलं नाही. मिशी उगाच गेली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मग सात महिने ते खिडकीशी बसून कार्डं वाचत राहिले आणि नव्या कंपनीच्या दोन कारकून मुली चौकोनी भोकं पाडत राहिल्या. आपल्याच कंपनीचं तेरावं आपण पगार घेऊन घालतो आहोत, असं ते म्हणत. मिशी परत आली, तीही थोडी पांढरी होऊन. देवमन महिन्यातून एकदा नागपूरहून तपासणीला येई.

शेवटचा गठ्ठा उरला त्या दिवशी तो आला होता. मुली जेवायला गेल्या होत्या, म्हणून तो स्वतःच लिहून घ्यायला समोर बसला. आपल्या कंपनीच्या मुंबई कचेरीतून आलेल्या पत्राचं त्याने सहज सांगितलं. तिकडे आता मोठी यंत्रं आली होती, त्यांना कार्डंच लागत नव्हती. तपकिरी चुंबकीय फितीवर सगळा मजकूर राही.

"फितीले भोकं नसतात, भाऊ," देवमन म्हणाला. "आमचे चौकोनही जाणार. पाच वर्षं, फार तर दहा."

"तरी बरं, तू पैजेला मिशी लावली नाही," कमलाकांतराव हसून म्हणाले. "तुझी कंपनी गेली तरी तुझ्या बापाला कुणी रडायला येणार नाही."

हसता हसताच त्यांनी पुढचं कार्ड उचललं, उजेडात धरलं आणि वाचलं. गाव कौंडण्यपूर, साल त्रेसष्ट, कापसाचे बोजे दोनशे पाच.

"सहा, भाऊ," देवमन लिहिता लिहिता म्हणाला. "खाली अजून एक भोक हाये."

कमलाकांतरावांनी चष्मा सारखा केला. खाली खरोखरच दुसरं भोक होतं. दोनशे सहा. ते कार्ड तसंच हातात राहिलं. देवमन टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याच्या बाजूने कार्ड उलटं दिसत होतं, पाठमोरं. मांडणीचा कागद तर त्याने कधी उघडलाच नव्हता.

"कधीपासून वाचता येतं तुला?" कमलाकांतरावांनी विचारलं.

देवमनने टाक खाली ठेवला. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या आता ध्यानात आलं होतं. "पंचावनपासून," तो म्हणाला. "मी बाहेरून ताट्या भिजवत होतो तवा. तुमी पाहुण्याईले कार्ड वाचून दाखवा, मी ताटीच्या फटीतून मागून पाह्यत होतो. उन्हाळाभर पाह्यलं. आलं."

"मग मुंबईला तुझ्या साहेबांना काहून नाही सांगितलं? तूच वाचली असती. मला विचारायची गरजच नव्हती."

"म्हणूनच नाही सांगितलं," देवमन म्हणाला. "त्याईले म्हटलं, हे वाचणारा साऱ्या वऱ्हाडात एकच माणूस हाये."

कमलाकांतरावांचे डोळे भरून आले. ते काही लपवलं नाही, लपवायला ती खोली लहान होती. बारा वर्षं ज्याच्यापासून कुलूप लावून ठेवलं, त्याच्याकडे किल्ली होती, आणि त्याने ती आपल्या अब्रूसाठी खिशातून काढली नव्हती. मग त्यांनी टाक आणि वही आपल्याकडे ओढून घेतली आणि उरलेला गठ्ठा देवमनपुढे सरकवला.

"आता तू वाच," ते म्हणाले. "मी लिहितो."

देवमनने वरचं कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. त्याने ते उलट्या बाजूनेच धरलं, कारण त्याला तसंच वाचायची सवय होती.